हिरवा पंजा आणि काळा चहा

त्या शुक्रवारी सकाळी अख्खं कुहनबोग गाव मिर्झोशरीफच्या अंगणात माना वर करून उभं होतं. अंगणावर द्राक्षाचा मांडव, मांडवावर पिवळी पडलेली पानं, आणि त्यांतल्या एका पिवळ्याजर्द पानावर उमटलेला हिरवागार पंजा. चार बोटं अगदी स्पष्ट दिसत होती. अंगठा मात्र नव्हता, कारण अंगठ्याच्या जागी पान संपलं होतं. पण श्रद्धेचं एवढ्यातेवढ्याने अडत नाही. "अंगठा वरच राहिलाय, स्वर्गात," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलवल्या. म्हणजे डोलवायचा प्रयत्न केला. तासभर वर बघून त्या आखडल्या होत्या.

मी शेजारीच राहतो. आमच्या दोन घरांमधली मातीची भिंत एका कोपऱ्यात ढासळली आहे, त्यामुळे चमत्कार असो की पोलाव, मला रांग लावावी लागत नाही.

"माझा गुडघा बरा झाला बघ नुसत्या दर्शनाने!" समोरची हलीमा-आजी मला म्हणाली.

"वा! मग उठा, तुम्हाला घरी सोडतो."

"उठता आलं असतं तर तुझी वाट कशाला बघत बसले असते? हात दे."

हा पंजा पीर सोहिबनजर यांचा. हे पीर कुठल्या गावचे, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की डोंगराकडे हात करायचे. आमच्याकडे चारही बाजूंना डोंगर आहेत, त्यामुळे उत्तर चुकीचं कधीच नव्हतं. आठवड्यापूर्वी, गुरुवारी, ते आले होते. हातात तोटीची झारी. झारीतलं पाणी त्यांनी जर्दाळूच्या झाडांवर शिंपडलं, मग ओला हात उंचावून द्राक्षाच्या एका पानावर दाबला आणि म्हणाले, "या बागेला कावीळ झालीय."

हे निदान ऐकून आम्हाला रडूच कोसळलं, कारण ते अगदी खरं दिसत होतं. वसंतापासून आमच्या बागा पिवळ्या पडत चालल्या होत्या. फांदीच्या टोकाची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, त्यांत फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. आमचं गाव जर्दाळूवर जगतं. जर्दाळू वाळवतो, विकतो, बिया फोडून खातो, आणि पाहुणा फारच बसला तर त्याच्या खिशात भरून त्याला वाटेला लावतो. झाडं गेली तर आमच्याकडे दगड आणि एकमेकांच्या चुगल्या एवढंच उरणार.

उपाय आम्ही थोडे केले नव्हते. मिर्झोशरीफला कुणीतरी सांगितलं की झाडाला लोखंड कमी पडतंय. हे सांगणारा, आश्चर्य म्हणजे, बरोबर होता. मग मिर्झोशरीफने प्रत्येक खोडात खिळे ठोकले आणि सर्वांत लाडक्या झाडाच्या मुळाशी जुन्या ट्रॅक्टरची साखळी पुरली. झाड आणखी पिवळं पडलं. मग घरोघरच्या तंदूरची राख मुळांशी ओतली. वाडवडिलांपासूनची रीत आहे, राखेत बरकत असते म्हणतात. आणि पाणी? पाण्याचं तर विचारूच नका. गेल्या पानगळीत गावाला नवा पंप मिळाला आणि कालव्याच्या पाण्याची पाळी प्रत्येकाला दुप्पट यायला लागली. आपल्या पाळीचं पाणी सोडून देणं हे आमच्याकडे पोटच्या पोराच्या लग्नाला न जाण्यासारखं आहे. गरज असो नसो, बांध फोडायचा आणि शेवटच्या थेंबापर्यंत घ्यायचं. बागांमध्ये बदकं पोहायला लागली. मी भर उन्हाळ्यात कालोश, म्हणजे चिखलात घालायचे रबरी जोडे, घालून हिंडत होतो, कारण गल्लीतसुद्धा पाणी होतं.

योगायोग असा, की ज्या महिन्यात पंप बसला त्याच महिन्यात मिर्झोशरीफच्या मुलाचं, दिलोवरचं लग्न झालं. मिर्झोशरीफ काटकसरी माणूस. एकच बोकड कापून एकाच पोलावात त्याने दोन्ही समारंभ उरकले. लग्नानंतर दिलोवर रशियात इमारती बांधायला गेला आणि सून मोहिरा सासरी राहिली. खुजंद शहरातल्या, सूत रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याची मुलगी. माहेरी असताना शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. इथे आल्यावर चहा ओतायची. आमच्याकडे सुनेला बढती अशीच मिळते.

तर, पंजा उमटल्यावर पीरबाबांचा भाव चढला. शिंपडलेल्या जर्दाळूंच्या पानांवरही हिरवे ठिपके उठले होते. ज्याची बाग त्याने एक मेंढा द्यायचा, असा दर ठरला. गावच्या इमामांनी मशिदीत सांगून पाहिलं, "बाबांनो, देवाला काही सांगायचंच असलं तर तो द्राक्षाची पानं कशाला रंगवील?" लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "इमामसाहेबांच्या बागेत उमटला नाही ना, म्हणून जळतात."

पुढच्या गुरुवारी पीरबाबा पुन्हा आले. मिर्झोशरीफची बायको खोलबीबी हिने अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर नवी गादी घातली. पीरबाबांनी झारीत हात बुडवून आणखी दोन पानांना आशीर्वाद दिला आणि तसेच ओल्या हाताने गादीवर टेकले. मोहिराने रीतीप्रमाणे अर्धाच पियाला भरून हिरवा चहा पुढे केला. पीरबाबांनी तो घेतला, अंगठा आत बुडवूनच घेतला, आणि बोलायला लागले.

"तुमच्या जमिनीखाली एक थोर संत निजलेत. त्यांनी कूस बदलली. त्यांचं पित्त वर आलं..."

एवढ्यात खोलबीबी किंचाळली. पियाल्यातला चहा काळा झाला होता. थोडाथोडका नाही, दौतीतल्या शाईसारखा.

मोहिराने पियाल्याकडे पाहिलं, मग झारीकडे पाहिलं, आणि ती हसली. हसली म्हणजे ओठ जरासे हलले. पण पीरबाबांची नजर तयार होती. माणूस लबाड होता पण मठ्ठ नव्हता, हे मला कबूल करायलाच हवं.

"हा चहा कुणी ओतला?" त्यांनी आवाज खोल करून विचारलं.

"सुनेनं," खोलबीबी म्हणाली.

"ही घरात कधी आली?"

"गेल्या पानगळीत."

"आणि बाग कधी पिवळी पडली?"

"त्याच्या पुढच्याच वसंतात!"

"मग मला काय विचारता?" पीरबाबांनी पियाला खाली ठेवला. "पिवळ्या पावलांची आहे ही. माझ्या हाताने बागेचं विष ओढून घेतलं, ते हिच्या चहात उतरलं. पुढच्या गुरुवारपर्यंत हिला माहेरी पाठवा. हिची पेटी आणि गाद्या-गोधड्या इथंच राहू द्या. त्या मी शुद्ध करून घेईन."

कुठे शुद्ध करणार, ते विचारलं असतं तर बहुधा डोंगराकडे हात केला असता.

त्या संध्याकाळी खोलबीबीचा रशियाला फोन लागला. आमची भिंत ढासळलेली असल्यामुळे मला ऐकणं टाळता आलं नाही. टाळायचा मी प्रयत्नही केला नाही.

"दिलोवर, बाळा, तुझी बायको... नाही रे, आजारी नाही. पावलं पिवळी आहेत म्हणे... नाही, धुऊन नाही जात!"

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. खोलबीबीने फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "तो म्हणतो, आई तू म्हणशील तसं."

आठ हजार वेळा ऐकलेलं हे वाक्य. आमच्या गावातल्या निम्म्या सुनांचं नशीब याच वाक्यावर टांगलेलं असतं. खोलबीबी मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून होती. दुष्ट बाई नव्हे ती. सून तिला आवडायची. पण बागही आवडायची, आणि बागेबरोबर तिचा संसार चाळीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी मोहिरा गाईसाठी घास कापून परत येताना भिंतीच्या खिंडारापाशी थांबली.

"काका, तुम्ही इस्फाऱ्याच्या बाजारात जाणार आहात का?"

"जाईन की. माहेरच्या गाडीचं विचारायचंय का?"

"नाही. ओंजळभर हिराकस हवीय. रंगाऱ्यांच्या दुकानात मिळते. हिरवट खडे असतात."

"ती कशाला?"

"लोखंडाचा क्षार आहे तो, पाण्यात विरघळणारा. माझे वडील डाळिंबाच्या साली उकळून त्या पाण्यात हिराकस टाकतात, की सूत काळंभोर होतं. डाळिंबाच्या सालीत जे तुरट असतं ना, तसंच चहातही असतं." तिने रुमालाच्या टोकाने कपाळ पुसलं. "पीरबाबांच्या झारीत काय आहे, ते मला त्यांच्या अंगठ्याने सांगितलं."

मी भिंतीवरून पडायचाच बाकी होतो. "मग कालच का नाही बोललीस?"

"कोण ऐकलं असतं? चहा काळा करणारी मीच ना!"

"मग तूही तुझा पंजा उमटवून दाखव."

"लोक म्हणतील, हा पीरबाबांचाच दुसरा हात. मी खुळी आहे का, काका, त्यांचा धंदा वाढवायला?"

मग तिची नजर माझ्या पायांवर गेली आणि तिथेच थांबली.

"काका, ते कालोश जरा काढता?"

मी अनवाणी घरी गेलो. माझ्या पायातल्या वस्तूला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी एवढा मान दिला होता.

मोहिराने सासूला एवढंच सांगितलं, "आई, मी जाते. पण गुरुवारी, पीरबाबांच्या समोरून जाते. जाताना त्यांना नमस्कार करीन." खोलबीबीला यात खोट दिसली नाही. उलट ती डोळे पुसत म्हणाली, "शहाणी आहेस गं. पावलं तेवढी..."

आणि मग त्या आठवड्यात मोहिरा दर संध्याकाळी मांडवावरची पानं साफ करायला शिडीवरून वर चढत होती. हाताशी मी आणून दिलेल्या हिराकशीच्या पाण्याचं पातेलं, बुरणुसाचा, म्हणजे जाड लोकरीचा, ओला तुकडा आणि माझा डावा कालोश. मांडवाखाली बसून चहा पिणाऱ्या मिर्झोशरीफने एकदाही वर पाहिलं नाही. वरचा चमत्कार एकदा बघून झाला होता.

गुरुवार उजाडला. गाव पुन्हा अंगणात. या वेळी गर्दी अधिक, कारण चमत्काराबरोबर सुनेची पाठवणी पाहायला मिळणार होती, आणि दुसऱ्याच्या घरातली सून जाताना बघणं याला पैसे पडत नाहीत. मोहिराची पेटी दाराशी बांधून ठेवलेली. पीरबाबा आले आणि हलीमा-आजीने, जिचा गुडघा बरा झालेला असूनही ती खुर्चीत बसून आली होती, वर बोट करून आरोळी ठोकली, "अगंबाई, दुसरी खूण!"

खरंच होती. मांडवाच्या कोपऱ्यातल्या मोठ्या पिवळ्या पानावर हिरवी कमान, तिच्यात नागमोडी रेघा, आणि मधोमध स्वच्छ आकडा: त्रेचाळीस. ठसा वरून दाबलेला, म्हणून खालून उजेडात अगदी सुलटा दिसत होता.

पीरबाबा क्षणभर नुसते बघत राहिले. आपण न लिहिलेल्या पत्राखाली आपली सही दिसावी, तसा चेहरा झाला होता. पण म्हटलं ना, माणूस मठ्ठ नव्हता. त्यांनी डोळे मिटले, दाढीवरून हात फिरवला, आणि डोलायला लागले.

"मोहोर!" ते ओरडले. "थोर संतांची मोहोर! आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण संतांनी मला कालच स्वप्नात येऊन सांगितलं, की मी मोहोर उमटवीन."

"आणि आकडा, बाबा?" मी विचारलं. माझा आवाज भक्तीने कापत होता. निदान कापत होता.

"त्रेचाळीस शिष्य होते त्यांचे! त्रेचाळिसावा..." ते नम्रपणे थांबले. "नाव मी सांगणं बरं नाही."

"आणि या नागमोडी रेघा?"

"स्वर्गातली नदी! पापी माणसाला ती दिसत नाही." यावर सगळ्यांनी एकदम सांगितलं, की आपल्याला ती अगदी स्पष्ट दिसतेय. "वाका, वाका सगळे या मोहोरेपुढे!"

गाव वाकलं. मीही वाकलो. खरं सांगतो, मला गहिवरून आलं. माझ्या जोड्यापुढे आजवर माझी बायकोसुद्धा वाकली नव्हती. वाकली असलीच तर तो झाडताना.

तेवढ्यात मोहिरा पुढे आली. प्रवासाचे कपडे, डोक्यावर नवा रुमाल.

"मी निघतेच," ती म्हणाली. "फक्त काकांची एक वस्तू परत करायची राहिलीय."

आणि तिने माझा डावा कालोश चौथऱ्यावर, पीरबाबांच्या गादीशेजारी, तळ वर करून ठेवला.

टाचेची कमान. कमानीत नागमोडी रेघा. मधोमध, कारखान्याने आपल्या हाताने उठवलेला, त्रेचाळीस.

मग खोलबीबी उठली. तिने कालोश उचलला, वर पानाला लावून पाहिला, खाली आणला, पुन्हा वर लावून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुमचे पाय एवढे मोठे आहेत?"

"वहिनी, मी थोर माणूस आहे," मी म्हणालो.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पीरबाबा उठायला लागले. "सैतानी सून! तिच्याच चहात विष..."

"बसा," खोलबीबी म्हणाली. असा आवाज मी तिचा चाळीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि मिर्झोशरीफच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याने ऐकला होता. "सूनबाई, किटली मला दे."

तिने स्वतः पियाला घेतला, स्वतः चहा ओतला, आणि पीरबाबांची झारी उचलून तिच्या तोटीतून पाण्याची धार पियाल्यात सोडली. चहा काळाकुट्ट झाला. तिने दुसरा ओतला. काळा. तिसरा इमामसाहेबांच्या हातून ओतवला. काळा.

"चाळीस वर्षं आहे मी या घरात," खोलबीबी म्हणाली. "आता मलाही माहेरी पाठवता का, पीरबाबा? माझी पेटी मोठी आहे, गोधड्याही पुष्कळ आहेत."

पीरबाबा निघाले ते मागच्या दाराने, बागेतून. बागेत नेहमीप्रमाणे गुडघाभर पाणी होतं. झारी विसरले. मेंढेही विसरले, आणि मेंढ्यांनी त्यांची आठवण काढल्याचं ऐकिवात नाही.

यानंतर गोष्ट संपायला हवी होती. पण आमचं गाव असं सहजासहजी शहाणं होत नाही. पीरबाबांची पाठ दिसेनाशी होते न होते तोच लोक मोहिराभोवती गोळा झाले. "सूनबाई, ते झारीतलं पाणी आम्हालाही दे! आमच्या बागेवर तुझा हात फिरव!"

मोहिराने कपाळाला हात लावला. मग तिने प्रवासाचा रुमाल सोडला आणि चौथऱ्यावर चढली. शाळेत उभी राहायची तशी.

"झारीत हिराकशीचं पाणी आहे, लोखंडाच्या क्षाराचं. त्याचा जिथे थेंब पडतो तेवढंच पान हिरवं होतं," ती म्हणाली. "उद्या नवं पान फुटेल ते पुन्हा पिवळंच. एका पानातलं लोह झाड दुसऱ्या पानाला फारसं देत नाही. म्हणून तर आधी कोवळी पानं पिवळी पडतात आणि जुनी तशीच हिरवी राहतात."

"म्हणजे पानाच्या हिरवेपणात लोखंड असतं?" इमामसाहेबांनी विचारलं.

"नसतं. पण तो तयार करायला लागतं. कढईशिवाय पोलाव होत नाही. पण पोलावात कढईचा तुकडा निघाला तर दात पडेल."

हे आमच्या लोकांना लगेच कळलं. पोलावातलं आम्हाला सगळं कळतं.

"मग मी एवढे खिळे ठोकले ते?" मिर्झोशरीफ दुखावून म्हणाला. "साखळी पुरली ती?"

"बाबा, मुळांना दात नसतात. त्यांना सगळं पाण्यात विरघळलेलं लागतं. लोखंड आपल्या मातीत भरपूर आहे, लाल टेकड्या आहेत की समोर! पण ही माती चुनखडीची. चुन्याच्या मातीत लोह विरघळत नाही, कुलूप लावल्यासारखं बसून राहतं. मुळं आंबट रस सोडून ते थोडंथोडं सोडवून घेतात. पण त्यासाठी मुळांना हवा लागते, आणि आपण त्यांना पंप बसल्यापासून बुडवून ठेवलंय. पाणी जितकं साचतं तितका चुना आणखी जोर करतो. वर आपण राख ओततो. राख म्हणजे चुन्याचीच मावसबहीण."

"पण पाणी म्हणजे जीवन..." कुणीतरी म्हणालं.

"त्यात बुडून मरता येतं, हे ठाऊक आहे ना? मला एक सांगा, बागेच्या वरच्या कडेची झाडं पाहिलीत कुणी? पाणी तिथवर चढत नाही. ती हिरवीगार आहेत. आणि मी रोज घास कापायला तिथेच जाते." तिने पाऊल पुढे केलं. "ही पावलं पिवळी असती, तर आधी ती झाडं जायला हवी होती."

गाव आपापल्या पायांकडे बघायला लागलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच घडलं होतं. पंप आणि सून एकाच पोलावात आले, आणि आम्ही बोट सुनेकडे केलं. पंपाला पावलं नसतात ना.

खोलबीबीने काही न बोलता दाराशी बांधलेली पेटी उचलली आणि आत नेली. मग फोन लावला. "दिलोवर? हो, आहे, इथेच आहे... ऐक, मी म्हणेन तसं म्हणालास ना? मग मी म्हणते, यापुढे बायकोची बाजू आधी तिला विचारत जा. मला नको विचारूस. मी सांगितलं असतं तर आज तू बायकोविना असतास, आणि मी सुनेविना."

खरा त्याग मात्र मिर्झोशरीफने केला. त्याच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी तो बांधावर जाऊन बसला, फावडं मांडीवर ठेवून. पाणी आलं, त्याच्या बागेच्या तोंडाशी घुटमळलं आणि तसंच पुढे शेजाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, वळलं. मी ते पुढे ढकललं. पुढच्यानेही ढकललं. शेवटी ते गावाबाहेरच्या ओढ्याला मिळालं. मिर्झोशरीफचे डोळे भरून आले होते. "काळीज तुटतं रे," तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. काही आठवड्यांनी झाडांच्या टोकांना नवं पान आलं ते फिकट हिरवं होतं. त्याच्यापुढचं जरा गडद. कुणाचाच पंजा त्यांच्यावर नव्हता.

मोहिरा आता गावच्या शाळेत शिकवते. झारी शाळेच्या कपाटात आहे, आणि माझा डावा कालोशही. तो मात्र मी परत मागतोय.

आणि आमच्याकडे एक नवी रीत सुरू झाली आहे. डोंगराकडून कुणी थोर पुरुष आला, की खोलबीबी त्याला आदराने बसवते, अर्धा पियाला हिरवा चहा पुढे करते आणि म्हणते, "आधी बोट बुडवा, बाबा." बरेच जण तिथूनच परत फिरतात. तुमच्या गावातही असे लोक येत असतील. चहा तुमच्याकडेही मिळतो. आणि चहाने नाही जमलं, तर दुसरं काहीतरी असेल. मान वर करून उभं राहण्याआधी एकदा खाली, आपल्या मुळांशी साचलेल्या पाण्याकडे बघायला काय हरकत आहे?